मधल्या डेकवरचे पाच महिने

प्रश्न असा आला आहे: "न्यूझीलंडमध्ये नेल्सनला लेकीकडे दोन महिने राहून आले. तिथे समुद्राकाठी पहिल्या वसाहतवाल्यांचं स्मारक आहे, भिंतीवर जहाजांची नावं आहेत. ही माणसं शिडाच्या जहाजातून चार-पाच महिने प्रवास करून इंग्लंडहून आली म्हणे. तुम्ही जहाजावर आयुष्य काढलंत म्हणून विचारते. त्यांचे नक्की काय हाल झाले असतील? वादळात बुडूनच जास्त मेले ना?"

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण हा समज जवळजवळ सगळ्यांचाच असतो. बुडून मेले ते थोडे. जास्त मेली ती मुलं, आणि तीही अंथरुणात, आईच्या शेजारी. गोवर, डांग्या खोकला, हगवण. जहाज व्यवस्थित बंदराला लागायचं, कप्तानाला शाबासकी मिळायची आणि उतारूंच्या यादीतली तीस-चाळीस नावं मात्र खोडलेली असायची.

मी ३४ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, त्यातली शेवटची ११ कप्तान म्हणून. नेल्सनला पाच-सहा वेळा गेलो असेन. तिथून पाइनचे ओंडके भरायचे आणि कांडल्याला उतरवायचे. नेल्सनच्या तोंडाशी एक उभा खडक आहे, तुम्हीही किनाऱ्यावरून पाहिला असेल. पहिल्या खेपेला पायलटने, म्हणजे जहाज बंदरात आणणाऱ्या स्थानिक वाटाड्याने, मला तो बोट करून दाखवला: फाइफशायर रॉक. वसाहतवाल्यांना घेऊन नेल्सनला आलेलं पहिलं जहाज फाइफशायर, तारीख १ फेब्रुवारी १८४२. उतारू उतरवून त्याच महिन्यात ते परत निघालं आणि बाहेर पडतानाच तिथल्या खडकावर चढलं ते कायमचंच. अर्धी पृथ्वी ओलांडून आलेलं जहाज बंदराच्या दारात फुटलं! आज आम्ही ज्या वाटेने आत शिरतो ती गोट्यांचा नैसर्गिक बांध फोडून १९०६ मध्ये केलेली आहे. तेव्हा ती सोय नव्हती.

आता आधी एवढं सांगतो की ही माणसं निघाली का, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. १८३० च्या दशकात दक्षिण इंग्लंडमधल्या शेतमजुराला आठवड्याला आठ-दहा शिलिंग मिळत. ते बंद झाले की गरिबांसाठीची सरकारी 'वर्कहाउस' होती, जिथे नवरा-बायको-मुलांना वेगवेगळं ठेवत. अशात एडवर्ड गिबन वेकफिल्ड नावाच्या गृहस्थाने एक योजना मांडली. एका श्रीमंत घरच्या शाळकरी मुलीला फसवून तिच्याशी लग्न लावल्याबद्दल हा न्यूगेटच्या तुरुंगात तीन वर्षं होता आणि वसाहती कशा वसवाव्यात याचा विचार त्याने तिथे बसून केला. कल्पना अशी: वसाहतीतली जमीन लंडनमध्येच श्रीमंतांना विकायची, भाव मुद्दाम चढा ठेवायचा, म्हणजे मजुराला ती लगेच घेता येणार नाही आणि त्याला काही वर्षं मजुरी करावी लागेल. जमिनीच्या पैशातून तरुण मजूर जोडप्यांना फुकट न्यायचं. त्यातून १८३९ मध्ये न्यूझीलंड कंपनी उभी राहिली. जमीन कुणाची, मोजली कुणी, मूळ मालकाने विकली का, हे प्रश्न मागाहून. आपल्याकडे 'प्लॉट विकून झाले, सातबारा नंतर बघू' म्हणणारे बिल्डर असतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त वीस हजार किलोमीटर लांबचा.

फुकट जायला मिळतंय म्हटल्यावर हातावर पोट असलेली माणसं निघाली. परतीचं तिकीट कुणालाच परवडणारं नव्हतं. निघताना गावाशी, आईबापांशी भेट शेवटचीच, हे दोन्हीकडच्यांना माहीत असायचं.

मुद्दा जहाजाचा. यातलं बहुतेक जहाज मुळात मालवाहू असे. वरचा डेक आणि खालचा माल भरायचा होल्ड यांच्या मधे एक मजला असतो, तो मधला डेक. जाताना तिथे फळ्या ठोकून दुमजली बंक उभे करायचे आणि माणसं भरायची. पोचलं की फळ्या काढून टाकायच्या आणि परतीला तिथे लोकर नाहीतर दुसरा माल घ्यायचा. म्हणजे मधला डेक हा माणसांसाठी बांधलेलाच नव्हता. उंची कायद्याने सहा फूट. एका माणसाला झोपायला सहा फूट लांब आणि अठरा इंच रुंद जागा. जोडप्याला तीन फूट. पुढच्या भागात अविवाहित पुरुष, मधे कुटुंबं, मागे अविवाहित मुली. या मुलींना अंधार पडला की खाली पाठवून दार बंद करत आणि त्यांच्यावर एक पोक्त बाई देखरेखीला असे. खिडकी नाही. उजेड येणार तो हॅचमधून, म्हणजे वर जायच्या चौकोनी भोकातून, आणि थोडाफार डेकमध्ये बसवलेल्या जाड काचेतून. रात्री एक-दोन कंदील. आगीच्या भीतीने मेणबत्तीला बंदी.

हे वाचून मला नीटसं कळलं नव्हतं. कळलं ते पिक्टनला गेल्यावर. एका खेपेला ओंडके भरायला पावसामुळे दोन दिवस उशीर झाला, तेव्हा एजंटच्या गाडीतून मी पिक्टनला जाऊन आलो. तिथे सुक्या गोदीत 'एडविन फॉक्स' नावाच्या जहाजाचा सांगाडा जपून ठेवला आहे. हे जहाज आपल्याकडचं बरं का! कलकत्त्याजवळ सुलकियाला १८५३ मध्ये बांधलेलं, सागवानी. क्रिमियाच्या युद्धात सैन्य नेलं, ऑस्ट्रेलियाला कैदी नेले आणि १८७३ ते १८८० या काळात चार वेळा न्यूझीलंडला वसाहतवाले नेले. त्यातली पहिलीच खेप बिस्केच्या उपसागरात वादळात सापडली आणि दुरुस्तीसाठी फ्रान्समध्ये ब्रेस्टला थांबावं लागलं. पुढे त्याचं शीतगृह झालं, मग कोळशाचं कोठार, मग भंगार. शेवटी लोकांनी नाममात्र किमतीला घेऊन वाचवलं.

आत मधल्या डेकवर उभं राहिलो. मी पाच फूट नऊ इंच. डोकं तुळईला लागत नव्हतं, पण हात वर केला की कोपर सरळ होत नव्हतं. अंदाजे अठरा इंच म्हणून मी तळहाताच्या विती मोजल्या: दोन विती. आपल्या एस.टी.च्या सीटवर एकाला मिळते तेवढी जागा. त्यात झोपायचं, आजारी पडायचं, बाळंत व्हायचं. आणि लक्षात घ्या, या जहाजाच्या इकडच्या खेपा १८७० च्या दशकातल्या, जेव्हा नियम बरेच कडक झाले होते. तुमच्या भिंतीवरची जहाजं त्याच्या तीस वर्षं आधीची.

आता हॅच. मी तुम्हाला एकच गोष्ट पटवू शकलो तर ती ही असू द्या. वादळ आलं की लाटेचं पाणी आत जाऊ नये म्हणून हॅचवर झाकण घालून ताडपत्री ताणून खुंट्या ठोकतात. पर्याय नसतो, मी असतो तरी हेच केलं असतं. पण त्या क्षणी खालच्या दोनशे माणसांची हवा बंद होते. उतारू जहाजांवर खाली हवा पोचवायला एक साधी युक्ती असे: कॅनव्हासची लांब नळी, विंडसेल म्हणतात, तिचं तोंड शिडाजवळ वाऱ्याकडे करून बांधायचं आणि दुसरं टोक हॅचमधून खाली सोडायचं. चांगल्या हवेत तिने काम भागे. हवा बिघडली की पहिली ती नळीच काढायची. म्हणजे ज्या दिवशी हवेची गरज सगळ्यात जास्त, त्या दिवशी ती मिळायची नाही.

आम्ही ओंडके न्यायचो, म्हणून बंद हवेची धास्ती मला चांगली माहीत आहे. ओल्या लाकडाने भरलेला होल्ड काही दिवस बंद राहिला की आतला प्राणवायू लाकूडच खाऊन टाकतं. मीटर लावून मोजल्याशिवाय आम्ही शिडीवर पाय ठेवत नाही, आणि तरीही दरवर्षी जगात कुठे ना कुठे खलाशी असेच मरतात. माणसं भरलेल्या मधल्या डेकवर फटी असायच्या, तेवढं टोक गाठलं जायचं नाही. पण एकदा टास्मान समुद्रात आमचा जनरेटर बंद पडला. वारा एवढा होता की बाहेरची झाकणं उघडायची सोय नव्हती. एकवीस माणसं, लोखंडी भिंती, पंखे बंद, नऊ तास. तिसऱ्या तासाला भिंतींवरून पाणी ओघळायला लागलं, ते आमच्याच श्वासाचं. दोन नवी पोरं ओकत होती. नऊ तासांनी दिवे आले तेव्हा आमचा कुक, चाळीस वर्षांचा बाप्या, मेसमध्ये बसून रडत होता. आमच्यात मूल नव्हतं, बाळंतीण नव्हती, आणि प्रत्येकाला स्वतःची खोली होती. हेच चार दिवस, दोनशे माणसं, शंभर बादल्या असं करून बघा.

बादल्या म्हणालो ते मुद्दाम. संडास वर डेकवर, हॅच बंद म्हणजे वर जाता येत नाही. त्यात पहिल्या आठवड्यात बहुतेकांना बोट लागलेली. ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता अशी शेतावरची माणसं इंग्लिश खाडीतून बाहेर पडतात ती थेट बिस्केच्या तोंडाशी, जिथे अजूनही आमच्यासारख्यांची जेवणं सुटतात. घाईत भरलेल्या पेट्या बांधलेल्या नसायच्या. त्या या भिंतीवरून त्या भिंतीवर धावत सुटायच्या, वाटेत जे येईल त्याला घेऊन.

पाणी माणशी दिवसाला तीन क्वार्ट, म्हणजे साडेतीन लिटरच्या आतबाहेर. पिणं, चहा, स्वयंपाक सगळं त्यात. अंघोळ, कपडे समुद्राच्या पाण्यात. खाऱ्या पाण्यात साधा साबण फेसाळत नाही आणि वाळलेला कपडाही दमटच राहतो, मीठ हवेतली ओल ओढून घेतं. लहान मुलांच्या मांड्यांवर त्याने काय होत असेल ते कोकणातल्या कुठल्याही आईला सांगावं लागणार नाही. शिवाय ते पिण्याचं पाणी लाकडी पिंपांत भरलेलं. उष्ण कटिबंधात त्याला वास मारायचा.

जेवण कागदावर चांगलं दिसतं. खारवलेलं गोमांस, डुकराचं मांस, कडक बिस्किटं, पीठ, तांदूळ, वाटाणे, ओट, थोडा गूळसर पाक, चहा, साखर. घरी मांस वर्षातून दोनदा खाणाऱ्या मजुराला तर हे गावापेक्षा बरंच. सहा-आठ माणसांचा गट करायचा, एकाने शिधा घेऊन यायचा, मळून-कालवून भटारखान्यात द्यायचा. मोठ्या माणसाचं निभायचं. गोम कुठे आहे ती ऐका. शिधा 'माणशी' ठरायचा आणि हिशोबात मूल म्हणजे अर्धा माणूस. एक वर्षाच्या आतलं बाळ म्हणजे शून्य. त्याला वेगळा शिधा नाही. ते आईच्या वाट्यातलं. आणि आई पहिले पंधरा दिवस ओकत असल्याने तिला दूध नाही. नुकतं अंगावरून सुटलेलं पोर खारवलेलं मांस आणि दगडी बिस्किट कसं खाणार? डॉक्टरकडे साबुदाणा, आरारूट असायचं, तेही तो देईल तेव्हा आणि पुरेल तोवर. वरच्या केबिनमधल्या पैसेवाल्या उतारूंसाठी डेकवर जिवंत मेंढ्या, कोंबड्या, क्वचित दुभती गायही असे. दहा फुटांवर लाकडी फळीच्या वरती दूध होतं, खाली नव्हतं.

लॉइड्स नावाचं जहाज तुम्ही त्या भिंतीवर वाचलं असेल. नेल्सनच्या वसाहतीची पूर्वतयारी करायला कंपनीने १८४१ मध्ये आधी पुरुषांची एक तुकडी पाठवली. मोजणीवाले, मजूर, सुतार. रस्ते आखा, झोपड्या उभ्या करा, मग बायका-मुलं येतील, असं ठरलं. ती बायका-मुलं घेऊन लॉइड्स सप्टेंबर १८४१ मध्ये निघालं आणि १५ फेब्रुवारी १८४२ ला पोचलं. पाच महिने. वाटेत ६५ मुलं गेली. डांग्या खोकला शिरला होता. बायका एकट्या, नवरे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, आणि जहाजावरची शिस्त इतकी ढासळलेली की पुढे त्याची चौकशी झाली. किनाऱ्यावर पुरुष वाट बघत होते. मूल गेल्याची बातमी आधी कळायला मार्ग नव्हता, कारण बातमी आणणारं जहाज तेच. होडी पुढे करून जहाजाजवळ जायचं आणि वर उभ्या असलेल्या बायकोच्या हातात, पायाशी किती आहेत ते मोजायचं. मला त्या किनाऱ्यावर पायलटची वाट बघत नांगर टाकून थांबावं लागलं आहे, आणि दर वेळी हे डोक्यात आलं आहे.

समुद्रात प्रेत देतात कसं, हे विचारायला लोक लाजतात. शीड शिवणारा जुन्या कॅनव्हासची पिशवी शिवतो, पायाशी वजन घालतो, फळी कठड्यावर टेकवतात, कप्तान किंवा डॉक्टर प्रार्थना वाचतो, फळी उचलतात. मुलासाठी पिशवी लहान लागते, एवढाच फरक. शिडाचं जहाज वारा चांगला असेल तर थांबवत नाहीत. दहा मिनिटांनी ती जागा एक मैल मागे पडलेली असते.

गोवराचं गणित समजून घेतलं की हे सगळं किती अटळ होतं ते दिसतं. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला दहा-बारा दिवस जातात. बंदरावर डॉक्टर जीभ बघून, कपाळाला हात लावून सोडायचा. त्या दिवशी ठणठणीत दिसणारं एक पोर पुरे. खेड्यापाड्यातली, कधी गोवर न आलेली शंभर मुलं एका बंद खोलीत. एका फेरीला पाच आजारी, पुढच्या फेरीला तीस. आणि नेमकं साथीच्या ऐन भरात जहाज दक्षिणेच्या थंडीत शिरायचं.

ही थंडी कप्तानांनी ओढवलेली होती, तेही सांगायला हवं. गोल पृथ्वीवर सरळ वाट म्हणजे नकाशावरची सरळ रेघ नव्हे. जितकं दक्षिणेला जावं तितकं अंतर कमी आणि पश्चिमेचा वारा जोरदार. १८५० नंतर हे सगळ्यांनी उचललं आणि साडेतीन-चार महिन्यांचा प्रवास अडीच-तीनवर आला. १८५२ मध्ये 'मार्को पोलो' लिव्हरपूलहून मेलबर्नला सुमारे अडीच महिन्यांत पोचलं. अख्ख्या जगात नाव झालं. त्या प्रवासात पन्नासच्या आसपास मुलं दगावली, बहुतेक गोवराने, हे मात्र त्या नावाबरोबर कुणी सांगत नाही. मी कप्तानांना दोष देत नाही. लवकर पोचणं म्हणजे पाणी-शिधा कमी लागणं, तेही खरंच. पण खालच्या अंथरुणांना पन्नास अंशांच्या दक्षिणेचा गारठा आणि गळणाऱ्या डेकचं पाणी लागायचं, आणि न्यूमोनियाला तेवढं पुरतं.

त्याच वर्षी 'टिकॉन्डेरोगा'ची खेप झाली. त्यात तर मधले डेक दोन होते, एकाखाली एक. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली भुकेली कुटुंबं, एकूण ७९५ उतारू. उवांतून पसरणारा टायफस लागला. वाटेत सुमारे १०० गेले, मेलबर्नजवळ पॉइंट नेपियनला उतरवल्यावर आणखी सुमारे ७०. त्यासाठी तिथे घाईघाईने उभारलेलं विलगीकरण केंद्र पुढे सव्वाशे वर्षं चाललं. दुसऱ्या, खालच्या डेकला ना उजेड ना वारा. अशी दुमजली जहाजं वसाहतवाल्यांसाठी घ्यायचं सरकारने त्यानंतर बंद केलं.

इथे एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, नाहीतर मी फक्त रडगाणं गातोय असं वाटेल. प्रवास लांब होता म्हणून माणसं मेली, असं नाही. १८४७ मध्ये आयर्लंडच्या दुष्काळातून सुटून सुमारे एक लाख लोक कॅनडाला निघाले. अटलांटिक फक्त पाच-सहा आठवड्यांचा. तरी पाच हजारांच्या आसपास समुद्रात गेले आणि क्वेबेकजवळच्या ग्रोस बेटावर आणखी पाच हजारांवर पुरले. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या तिप्पट लांब प्रवासात सरासरी यापेक्षा कितीतरी कमी माणसं मेली. कारण? त्या जहाजांवर डॉक्टर होता आणि त्याच्या शब्दाला वजन होतं. सातला सगळ्यांना उठवायचं, गाद्या वर डेकवर आणायच्या, फळ्या कोरड्या घासायच्या, चुना मारायचा, अंगाला वास येतो का बघायचं. सरकारी जहाजांवर त्याला जिवंत पोचलेल्या डोक्यामागे पैसे मिळत. ही पद्धत आली ती कैद्यांच्या जहाजांवरून. १८१४ मध्ये सिडनीला पोचलेल्या तीन कैदी जहाजांवर फार माणसं मेली, तेव्हा विल्यम रेडफर्न या डॉक्टरने हवा, स्वच्छता आणि जहाजावर नौदलाचा डॉक्टर या तीन गोष्टींचा अहवाल दिला. हा रेडफर्न स्वतः आरमारातल्या बंडात शिक्षा होऊन तिथे गेलेला कैदी! सभ्य शेतकऱ्यांच्या पोरांचा जीव वाचला तो चोर-दरोडेखोरांसाठी केलेल्या नियमांनी. जिथे डॉक्टर ढिला किंवा कप्तानापुढे मवाळ, तिथे लॉइड्स झालं.

बुडण्याबद्दल तुम्ही विचारलंत, तर दोन नावं सांगतो. 'कॅटारॅकी' १८४५ च्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूलहून मेलबर्नला पोचायला एक-दोन दिवस असताना किंग बेटाच्या खडकावर पहाटे आपटलं. चारशे माणसं गेली, नऊ वाचली, त्यात वसाहतवाला एकच. रेखांश मोजायला घड्याळ जराही चुकलं, ढगांमुळे चार दिवस सूर्य दिसला नाही, तर जहाज नक्की कुठे आहे हे अंदाजानेच ठरायचं. जीपीएसच्या आधी आम्हीही सेक्स्टंट, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र, घेऊन उभे राहिलो आहोत, त्यामुळे त्या कप्तानाला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. दुसरं 'कॉस्पॅट्रिक', १८७४, ऑकलंडला निघालेलं. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाखाली रात्री बोसनच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, कोठारात आग लागली. दोर, रंग, तेल, डांबर सगळं तिथेच. सुमारे ४७० माणसांपैकी तीन वाचली, तीही दहा दिवसांनी सापडली तेव्हा मेलेल्यांचं मांस खाऊन जगलेली. होड्या सगळ्यांना पुरतील इतक्या नव्हत्याच. पण शेकडो जहाजांच्या हिशोबात ही दोन अपवादच. म्हणूनच ती वर्तमानपत्रांत आली. मुलं मरणं ही बातमी नव्हती.

उरलेला त्रास लहान वाटेल, पण होता. कंटाळा. विषुववृत्ताजवळ वारा पडला की दोन-दोन आठवडे जहाज जागेवर, डेकच्या फटींतलं डांबर वितळतंय, शेजारच्या बंकवाल्याचं तोंड बघवत नाही. भांडणं व्हायची ती पाव भाजायच्या पाळीवरून. आजही सहा महिन्यांच्या कराराच्या शेवटी खलाशी लोणच्याच्या बरणीवरून भांडतात, हे मी लॉगबुकात न लिहिता मिटवलेलं आहे.

आणि मग पोचायचं. हाल इथे संपले असं भिंतीवरची नावं वाचताना वाटतं. वेलिंग्टनचं उदाहरण घ्या. पहिलं जहाज 'ऑरोरा' २२ जानेवारी १८४० ला पेटोनीच्या किनाऱ्याशी आलं. कंपनीचे मोजणीदार त्यांच्या जेमतेम तीन आठवडे आधी पोचलेले. लंडनमध्ये बसून काढलेला शहराचा नकाशा होता, सरळ रस्ते, चौक, बागा, सगळं सपाट जमीन धरून. प्रत्यक्षात समोर दलदल आणि मागे डोंगर. बायकांना खलाशांनी खांद्यावर घेऊन लाटांतून उतरवलं. घर एकही तयार नाही. पहिल्या झोपड्या बांधून दिल्या त्या तिथल्या मूळच्या माओरी लोकांनी, पाणगवताच्या, आणि बटाटे, डुकरंही त्यांच्याकडूनच विकत मिळाली. ते नसते तर पहिला हिवाळा निघाला नसता. दोन महिन्यांत हट नदीला पूर आला, झोपड्यांत पाणी, आणि अख्खी वसाहत उचलून खाडीच्या पलीकडे न्यावी लागली. ज्यांनी हात दिला त्यांचीच जमीन पुढे मोजपट्टीखाली गेली, हा हिशोब मात्र त्या स्मारकाच्या भिंतीवर मावत नाही.

नेल्सनला तेच, वेगळ्या प्रकारे. जमिनी घेणारे बरेच श्रीमंत लंडनमध्येच राहिले. मग मजुरांना काम देणार कोण? कंपनीने रस्त्यांची कामं काढली, मग मजुरी कमी केली, मग १८४४ मध्ये कंपनीचेच पैसे संपले. त्याआधी १७ जून १८४३ ला वायराऊच्या खोऱ्यात न विकलेल्या जमिनीची मोजणी रेटायला गेलेल्या नेल्सनच्या लोकांची माओरींशी चकमक झाली. गोऱ्यांकडचे २२ मेले, त्यात वेकफिल्डचा भाऊ आर्थर. माओरींचीही माणसं गेली. या घटनेच्या तीनच दिवस आधी हांबुर्गहून निघालेलं 'सेंट पॉली' जर्मन कुटुंबांना घेऊन नेल्सनला लागलं होतं. सहा महिने समुद्रात काढून, देवीच्या साथीतून जगून आलेल्या लोकांचा आठवडाही धड गेला नाही. त्यांना जागा मिळाली ती मूटेरेच्या खोऱ्यात. तिथेही पूर. बरेच जण कंटाळून ऑस्ट्रेलियाला निघून गेले.

त्या वर्षांत नेल्सनच्या मजुरांनी पेरलेले बटाटे उकरून खाल्ले. बियाणं खायची वेळ येणं म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या घरात समजावून द्यावं लागत नाही.

एक गंमत सांगतो, गंमत म्हणावी तर. १८४८ मध्ये वेलिंग्टनला मोठा भूकंप झाला. आता पुरे झालं म्हणून साठेक माणसं 'सुब्रॉन' नावाच्या जहाजावर चढून सिडनीला निघाली. आपल्या पंजाबातल्या सोब्राँवच्या लढाईवरून ठेवलेलं नाव. ते जहाज बंदराच्या तोंडाशीच खडकावर आपटलं. सगळे वाचले, आणि परत वेलिंग्टनलाच आणून सोडले गेले!

पुढच्या वेळी लेकीकडे जाल तेव्हा पिक्टनला नक्की जा. नेल्सनहून गाडीने दोन तासांचा रस्ता, वळणं बरीच आहेत, ज्याला गाडी लागते त्याने आधीच गोळी घ्यावी. तिकीट काढून आत सोडतात. वरून बघून परत फिरू नका, मधल्या डेकवर उतरा. अंगात स्वेटर असू द्या, आत उन्हाळ्यातही गारठा असतो.